वृद्धाश्रमातलं जर्मन

धुळ्याकडच्या एका 23 वर्षांच्या वाचक मुलीचं पत्र आलं आहे. पुण्यात जर्मन शिकून ती बी-१, म्हणजे भाषेची मधली पातळी, उत्तीर्ण झाली आणि आता जर्मनीच्या दक्षिणेला, श्वेबिश आल्ब डोंगरांच्या भागात, एका छोट्या गावातल्या वृद्धाश्रमात वर्षभराची स्वयंसेवा करते आहे. चार महिने झाले. पुढे तिथेच नर्सिंग शिकायचं आणि त्याआधी बी-२, म्हणजे त्याच्या वरच्या पातळीची, परीक्षा द्यायची, असा बेत आहे. तिच्या पत्राचा सारांश असा:

"ताई, मला वाटलं होतं की लोकांशी बोलून बोलून सहा महिन्यांत भाषा येईल. पण इथले आजी-आजोबा बोलीत बोलतात आणि मला अर्धंही कळत नाही. तरुण सहकारी माझी अडखळ पाहून लगेच इंग्रजीवर येतात. स्वयंपाकघरातल्या बाई क्रोएशियाच्या, रात्रपाळीची नर्स फिलिपिन्सची. त्यांचं जर्मन ऐकून माझं बिघडेल अशी भीती वाटते. खोलीवर आम्ही तिघी भारतीय मुली, म्हणजे संध्याकाळ सगळी हिंदीत. एक आजी आहेत, त्यांना स्मृतिभ्रंश आहे. लहानपणी बोहेमियातून, म्हणजे आजच्या चेकियातून, मालगाडीत घालून इकडे आणलं, ती गोष्ट त्या रोज मला सांगतात. मी त्यांच्यापाशी बसते ती खरं तर माझ्या सरावासाठी, आणि मग रात्री अपराधी वाटतं. मी त्यांचा वापर करून घेतेय का? एखाद्या मोठ्या शहरात, माझ्या वयाच्या लोकांत बदली मागू का?"

प्रिय मुली,

प्रश्न तू भाषेचा विचारलास, पण पत्रात सगळ्यात जास्त ओळी अपराधीपणावर खर्च केल्यास. म्हणून आधी त्याबद्दलच बोलते.

तू ज्या योजनेतून गेलीस ती कुठून आली हे तुला कुणी सांगितलंय का, माहीत नाही. जर्मनीत पूर्वी तरुण मुलांना सक्तीची लष्करी सेवा करावी लागे. ज्यांना हत्यार हातात घ्यायचं नसे, ते त्याऐवजी इस्पितळांत आणि वृद्धाश्रमांत सेवा करत. 2011 साली सक्तीची भरती स्थगित झाली, त्याबरोबर ही सेवाही थांबली आणि 1 जुलै 2011 पासून तिच्या जागी बुंडेसफ्रायविलिगनडीन्स्ट, म्हणजे संघराज्याची स्वयंसेवा, सुरू झाली. तिथे तुला 'बुफ्डी' म्हणत असतील, ते त्यावरूनच. या सेवेची एक अट मोलाची आहे: स्वयंसेवकाने पगारी माणसाची जागा भरायची नाही. तू नसतीस तरी त्या आजींना औषध वेळेवर मिळालं असतं, आंघोळ झाली असती, अंथरूण बदललं असतं. मिळाली नसती ती एकच गोष्ट: घड्याळाकडे न बघता शेजारी खुर्ची ओढून बसणारं माणूस. नर्सला ते जमत नाही, कारण तिच्यावर आणखी दहा जण अवलंबून असतात. तेव्हा आजींशी बोलताना तू कामातला वेळ चोरत नाहीस. तुला तिथे ठेवलंय ते मुख्यतः त्यासाठीच.

मग तुझी टोचणी खोटी म्हणायची का? नाही. ती सांभाळून ठेव, फक्त योग्य जागी लाव. स्वतःला दोन-तीन गोष्टी विचार. आजी बोलत असताना मध्येच थांबवून "हा शब्द 'डेर' की 'दास'?", म्हणजे पुल्लिंगी की नपुंसकलिंगी, असं विचारतेस का? स्पष्ट बोलणाऱ्या दोघी-तिघींपाशीच जाऊन बसतेस आणि पक्षाघातानंतर ज्यांची वाचा गेली आहे त्या आजोबांच्या खोलीवरून पुढे निघून जातेस का? सरावाला उपयोग नाही म्हणून कुणाशी बोलणं टाळलंस, तर तिथे वापर सुरू झाला. नाहीतर एकाच बसण्यात त्यांचं एकटेपण कमी झालं आणि तुझी भाषा वाढली, तर त्यात कुणाचं काय गेलं?

आणखी एक काळजी घे. ऐकलेले शब्द वहीत लिहितेस ते उत्तम, पण वहीत कुणाचं नाव, खोली क्रमांक, आजार लिहू नकोस. फोनवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून रात्री पुन्हा ऐकायचा मोह होईल, तोही आवर. रुजू होताना गोपनीयतेच्या कागदावर तू सही केली असशील. जर्मनीत ही बाब फार काटेकोरपणे पाळतात आणि तसं पाळणं बरोबरच आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची परवानगी घेतली, असंही म्हणता येत नाही.

आता त्या रोजच्या गोष्टीबद्दल. तू लिहिलंस, "तीच तीच गोष्ट ऐकून मी काय नवीन शिकणार?" मला तर वाटतं, तुझ्या सगळ्या दिवसात शिकण्यासारखं सर्वांत जास्त तिथेच आहे. वर्गात आपण एक धडा एकदा ऐकतो आणि पुढे जातो. इथे तोच मजकूर, तोच आवाज, तेच चढउतार रोज कानावर पडतात. पहिल्या दिवशी फक्त 'त्सूग', म्हणजे गाडी, एवढंच कळलं असेल. मग कधीतरी आईने बरोबर काय घेतलं ते कळलं असेल. मग क्रियापदं सुटी दिसायला लागली असतील. तुझ्याच पत्रात त्या गोष्टीचा किती तपशील आहे बघ: गाडीचं दार बाहेरून लावलेलं होतं, खाली गवत पसरलेलं होतं, धाकटा भाऊ आजारी होता. हे सगळं तुला जर्मनमध्येच कळलं ना? "अर्धंही कळत नाही" म्हणणाऱ्या मुलीने हे लिहिलंय.

उद्यापासून त्या गोष्टीत रोज एकच छोटा प्रश्न घाल, आणि तोही एकाच ठिकाणी. आजी आईपाशी आल्या की "आई कशी होती?" एवढंच. वाक्य लहान ठेव, प्रश्न एका वेळी एकच, आणि उत्तराला भरपूर वेळ दे. "हे काल सांगितलंत" असं कधी म्हणू नकोस. गोष्ट काल वेगळी होती हेही दाखवू नकोस. आणि ही गोष्ट साधी नाही हे ध्यानात असू दे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस आणि त्यानंतर पूर्वेकडच्या प्रदेशांतून सुमारे सव्वा कोटी जर्मनांना घर सोडावं लागलं. बोहेमियातल्या जर्मनांना 1946 मध्ये खरंच मालगाड्यांमधून आणलं गेलं. तुझ्या आजी तेव्हा सात-आठ वर्षांच्या असतील. बोलताना त्यांचा श्वास वाढला, हात कपड्याशी चाळा करायला लागले, की प्रश्न सोडून दे. खिडकीबाहेरचं झाड दाखव, कॉफीचं विचार, नुसता हात हातात घे. आणि नंतर नर्सच्या कानावर घाल. आणखी एक शक्यता सांगते: तू ज्याला श्वेबिश, म्हणजे त्या भागातली बोली, समजून हताश होतेस, ते या आजींच्या बाबतीत कदाचित श्वेबिश नसेलही. स्मृतिभ्रंशात माणूस पुष्कळदा बालपणीच्या बोलण्याकडे परततो, आणि त्यांचं बालपण दुसरीकडे गेलं. तिथल्या जर्मन सहकाऱ्यांनाही त्यांचे काही शब्द कळत नसतील. विचारून बघ.

बाकीच्यांचं मात्र श्वेबिशच असणार. तुझी तक्रार अशी की या बोलीमुळे "शुद्ध" जर्मन मागे पडेल. तुझी आजी घरात अहिराणी बोलते असं तू लिहिलंस. शाळेत तू प्रमाण मराठीत निबंध लिहिलेस, घरी आजीची अहिराणी समजून घेतलीस. एकीमुळे दुसरी बिघडली का? इथेही तसंच कर: बोली समजून घ्यायची, बोलायचं मात्र प्रमाण जर्मन. परीक्षा प्रमाण भाषेतच असते आणि तुझ्याकडून कुणी श्वेबिश बोलण्याची अपेक्षा ठेवत नाही. त्या राज्याला स्वतःच्या बोलीची लाज वाटत नाही, उलट 1999 पासून बाडेन-व्युर्टेंबर्गने "आम्हाला सगळं येतं, फक्त प्रमाण जर्मन येत नाही" अशी जाहिरातच चालवली होती. म्हातारी माणसंही शाळेत प्रमाण भाषा शिकलेली आहेत. नम्रपणे विचारलंस, तर बहुतेक जण तुझ्यासाठी थोडं पुस्तकी बोलतील.

पण काही शब्द तुला आजच्या आज शिकायला हवेत. ते हौसेपोटी नव्हे, कुणाला इजा होऊ नये म्हणून. पुस्तकात 'फूस' म्हणजे पाऊल. श्वेबिश माणूस 'फूस' म्हणतो तेव्हा तो अख्खा पायही असू शकतो, अगदी कमरेपासून. आजोबा "फूस दुखतोय" म्हणाले आणि तू पाऊल बघून "सूज नाही" असं सांगितलंस, तर दुखणं मांडीतच राहील. पुस्तकात 'हेबन' म्हणजे उचलणं. तिथे 'हेबन' म्हणजे धरून ठेवणं, आणि उचलण्याला 'लुप्फन' म्हणतात. पलंगावरून खुर्चीत बसवताना सहकारी "हेब!" म्हणाली आणि तू उचललंस, तर काय होईल, कल्पना कर. 'टेपिश' मागितलं तर गालिचा आणू नकोस, कदाचित आजींना पांघरूण हवं असेल. असे शब्द तुझ्या मार्गदर्शक सहकारी बाईंकडून मागून घे. वीस-पंचवीस शब्दांतच रोजची कामं बरीच उलगडतील.

यातूनच एक नियम निघतो, आणि या सदरातल्या बाकी सगळ्या सूचना विसरलीस तरी हा विसरू नकोस: न कळता "या, या", म्हणजे जर्मनमधलं "हो, हो", म्हणायचं नाही. आपल्याकडच्या मुलींना ही सवय फार. समोरच्याला त्रास नको, आपली फजिती नको, म्हणून मान हलवतो. गिळायला त्रास होणाऱ्या माणसांना तिथे पाणी घट्ट करून देतात. कुणाला साधं द्यायचं, कुणाला घट्ट, हे नीट न ऐकता मान हलवली, तर घोट श्वासनलिकेत जाऊ शकतो. त्यापेक्षा "नोखमाल बिटे", पुन्हा सांगा, "लांगझामर बिटे", जरा सावकाश, आणि ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगून "श्टिम्ट दास?", बरोबर ना? एवढं जो रोज म्हणतो, त्याच्यावर तिथली माणसं जास्त भरवसा टाकतात.

इंग्रजीवर घसरणाऱ्या सहकाऱ्यांबद्दल तुला राग आहे. पण त्या क्षणी त्यांच्या जागी उभी राहा. सकाळी सातची वेळ, तीन घंट्या वाजतायत, आणि समोरची मुलगी वाक्य जुळवतेय. इंग्रजीत बोललं की काम पटकन होतं. ते तुला कमी लेखत नाहीत, वेळ वाचवतात. त्यामुळे ही विनंती घाईत करू नकोस. दुपारी कॉफीला बसलात की सरळ सांग: "मला बी-२ करायचंय. माझ्याशी जर्मनमध्येच बोला, घाई असेल तेव्हाच इंग्रजी. आणि माझं चुकलं तर सांगत जा, मला वाईट वाटणार नाही." हे शेवटचं वाक्य जरूर म्हण, कारण तिथे परक्या माणसाची चूक दाखवणं बऱ्याच जणांना उद्धटपणाचं वाटतं. न विचारता कुणी सुधारणार नाही.

पाळी बदलताना होणारी 'युबरगाबे', म्हणजे सकाळची टोळी दुपारच्या टोळीला हकीकत सांगते ती बैठक, तिथे बसायची परवानगी माग. नीट जेवले, पाणी कमी प्यायले, रात्री अस्वस्थ होत्या, मुलगा भेटून गेला: रोज त्याच साच्यातली वाक्यं. नर्सिंगला गेल्यावर तीच तुला बोलायची आणि लिहायची आहेत. बिंगोचे आकडे पुकारायचं कामही मागून घे. जर्मनमध्ये एकवीस म्हणताना एक आधी आणि वीस नंतर, आपल्यासारखंच. इंग्रजीच्या वळणाने शिकणारे इथे अडखळतात, तुला ते जड जाऊ नये. आणि कपाटात 'मेन्श एर्गेरे डिश निष्ट' नावाचा खेळ असेलच. आपल्या पचिसीवरूनच तो निघाला. म्युनिकच्या एका गृहस्थाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो बनवला आणि पहिल्या महायुद्धापासून तो घरोघर पोचला. सोंगटी मारली की गप्प बसणाऱ्या आजीसुद्धा बोलायला लागतात. ते बोलणं पुस्तकात मिळायचं नाही.

हाक मारताना जपून. तू मायेने 'ओमा' म्हणतेस असं लिहिलंस. आपल्याकडे कुणालाही आजी म्हटलं की आदर आणि माया दोन्ही पोचतं. तिथे अनोळखी बाईला ओमा म्हणणं पुष्कळांना खटकतं. 'फ्राउ' आणि आडनाव, आणि आदरार्थी 'झी', हेच धरून चाल. त्यांनी स्वतःहून सांगितलं तरच बदल.

क्रोएशियाच्या बाई आणि फिलिपिन्सची नर्स यांच्याबद्दल तू जे लिहिलंस, त्याचा मात्र पुन्हा विचार कर. तुझ्या मनात "स्थानिक" म्हणजे कोण? जर्मनीने 1955 मध्ये इटलीशी, 1961 मध्ये तुर्कस्तानशी, 1968 मध्ये युगोस्लाव्हियाशी करार करून कामगार बोलावले. त्यांच्या मुलाबाळांनी, नातवंडांनी ते गाव बनलंय. त्या बाई तीस वर्षं तिथे राहतात असं तूच लिहिलंस. त्यांच्या प्रत्ययात चूक असेल, पण कचरा कुठल्या दिवशी, डॉक्टरची वेळ कशी मिळवायची, घरमालकाशी कोणत्या सुरात बोलायचं, हे सगळं त्या जर्मनमध्येच करत आल्या आहेत. आणि मोठेपणी, काम करता करता भाषा कशी शिकतात हे त्यांना जितकं ठाऊक आहे, तितकं त्या गावात जन्मलेल्या कुणाला ठाऊक नसेल. तुझं व्याकरण त्यांच्यामुळे बिघडणार नाही, त्यासाठी पुस्तक आहे. भाजी चिरायला त्यांच्याशेजारी उभी राहा. नर्सलाही विचार, तिने परीक्षा कशी दिली.

खोलीवरच्या मैत्रिणींना तोडायला मी सांगणार नाही. दिवसभर परक्या भाषेत वावरून डोकं जड होतं, तेव्हा आपली भाषा ऐकायला मिळणं गरजेचं असतं. जेवण करतानाचा अर्धा तास तिघींनी जर्मनमध्ये बोलायचं ठरवा, बाकी खुशाल हिंदी. जिने पाळीत जे नवीन ऐकलं ते तिने सांगायचं, अर्थात कुणाचं नाव न घेता.

बदलीचं आता. मोठ्या शहरात गेल्यावर तुझ्या वयाचे लोक भेटतील हे खरं, पण तिथे इंग्रजीही जास्त भेटेल. बर्लिनमधल्या कॅफेत तुझं जर्मन ऐकून घ्यायला कुणाला सवड असेल? छोट्या गावात बेकरीवाली तुला रोज ओळखते, पोस्टमन ओळखतो, जिना झाडायची पाळी आली की शेजारीण येऊन बघते. त्या भागात या पाळीला 'केअरवोख' म्हणतात आणि तिथले लोक ती फार मनावर घेतात. तीच माणसं पुन्हा पुन्हा भेटणं हीच तुझी जमेची बाजू आहे. समवयस्कांची उणीव मात्र खरी आहे, ती हसण्यावारी नेऊ नकोस. 27 वर्षांखालच्या स्वयंसेवकांना वर्षभरात 25 दिवस सेमिनार असतात, तिथे अठरा-एकोणीस वर्षांची जर्मन मुलं येतात. पुढच्या वेळी भारतीय मुलींच्या टेबलावर बसू नकोस. आणि गावातल्या एखाद्या 'फेराइन'मध्ये, म्हणजे मंडळात, नाव घाल. गाणं, व्हॉलीबॉल, डोंगर चढणं, काहीही चालेल. पहिले काही आठवडे कोपऱ्यात बसल्यासारखं वाटेल. ते लोक सावकाश मोकळे होतात, पण एकदा मंडळातली झालीस की वाढदिवसालाही बोलावतात.

बदली मागावी अशी कारणं वेगळी असतात. तुला एकटीला नर्सचं काम करायला लावत असतील, ठरल्यापेक्षा जास्त तास राबवत असतील, रंगावरून किंवा भाषेवरून कुणी अपमान करत असेल, तर एक दिवसही सोसू नकोस. तुझ्या संस्थेत स्वयंसेवकांसाठी नेमलेली व्यक्ती असते, तिला लेखी कळव. यातलं काही तू लिहिलेलं नाहीस, म्हणून माझं मत थांबावं असंच आहे.

बी-२ मात्र नुसत्या गप्पांनी होणार नाही. बोलण्याने कान तयार होतो, धीर येतो, पण परीक्षेत पत्र लिहावं लागतं, बातमी वाचून मत मांडावं लागतं. नर्सिंगच्या अनेक शाळा बी-२चं प्रमाणपत्र मागतात, आणि 2020 पासूनच्या नव्या कायद्यानुसार तिथलं नर्सिंगचं शिक्षण तीन वर्षांचं आणि एकत्रित आहे, म्हणजे वृद्धांबरोबर मुलांची आणि इस्पितळातली शुश्रूषाही शिकायची. तेवढी भाषा आत्तापासून बांधायला हवी. जवळच्या गावात 'फोल्क्सहोखशूले' असेल. सगळ्यांसाठी असलेली ही शिक्षणसंस्था संध्याकाळचे वर्ग घेते आणि खासगी क्लासपेक्षा साधारण स्वस्त पडते. तिथलं वेळापत्रक आण, आठवड्यातल्या कुठल्या संध्याकाळी दुपारपाळी नको ते ठरव, आणि पुढच्या महिन्याची ड्यूटी लागायच्या आत तुझ्या मार्गदर्शक बाईंना सांग. तेही जर्मनमध्येच सांग.

तुझी,
ताई